परत बदलायला न येणारा आहेर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. येत्या सहा-सात महिन्यांत मामेबहिणीचं लग्न, मिस्टरांच्या मित्राची वास्तुशांत, धाकट्या जावेचं डोहाळजेवण, आजेसासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन, आणि त्यातच कॉलेजची मैत्रीण नवऱ्याबरोबर जर्मनीला चाललीय. बजेट प्रत्येकी 500 ते 3000 रुपये. दरवेळी भिंतीवरचं घड्याळ नाहीतर फोटोफ्रेम नेऊन तुमची तुम्हालाच लाज वाटायला लागलीय, म्हणून मनापासून दिल्यासारखं वाटेल असं काहीतरी सुचवा, असं तुम्ही म्हटलंय.

आमचं साताऱ्यात भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्याही आधीपासूनचं. आहेर, रुखवत, हळदीकुंकवाची वाणं, शाळांची बक्षिसं असं सगळं आमच्याकडून जातं. आणि त्यातलं बरंचसं परतही आमच्याकडेच येतं. लग्नसराई उलगली की मुलाकडच्या, मुलीकडच्या आया मोठ्या पिशव्या घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "हे बदलून मिळेल का हो?" काय द्यावं हे मला विकताना जेवढं कळलं नाही, तेवढं त्या पिशव्या उघडताना कळलं. तेव्हा उत्तर तिथूनच देतो.

तुम्हाला कल्पना कमी पडतायत असं मला वाटत नाही. कल्पनांचा दुकानात ढीग पडलाय, दर दिवाळीला नव्या येतात. कमी पडते ती माहिती. ज्यांना द्यायचंय त्यांचं घर केवढं, स्वतःचं की भाड्याचं, गॅस आहे की इंडक्शन, स्वयंपाक कोण करतं, भांडी कोण घासतं. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून वस्तूकडे बघतं, "छान दिसतंय, द्या" म्हणतं. मी विचारतो, त्यांच्या घरात हे कुठे राहील? "शोकेसमध्ये" असं उत्तर आलं तर ती वस्तू फार तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत टिकते. "ओट्यावर", "उशाशी", "दाराच्या मागे" असं उत्तर आलं तर बिनधास्त बांधून देतो.

परत काय काय येतं ते सांगून टाकतो. घड्याळं, लेमन सेट, काचेचे डिनर सेट, फायबरचे राधाकृष्ण आणि गणपती. न येणाऱ्या वस्तू वेगळ्याच असतात: जाड बुडाचं पातेलं, दगडी खलबत्ता, पुरणयंत्र, मोठी परात, बिडाचा तवा. कारण साधं आहे. या वस्तू चकचकीत कागदात गुंडाळून भेट म्हणून शोभत नाहीत, म्हणून कोणी देत नाही, म्हणून त्या दोनदा येत नाहीत. आणि घरात त्या लागतातच.

आता मामेबहिणीचं लग्न. तुमच्या यादीतलं हे सगळ्यात जवळचं नातं, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. माझा आग्रह असा की लग्नात देऊ नका, केळवणाला द्या. तुम्ही तिला जेवायला बोलावणारच आहात. लग्नाच्या हॉलमध्ये तुमची वस्तू शंभर खोक्यांच्या ढिगात जाते, कोणी काय दिलं हे वहीत लिहिणाऱ्या मामालाही धड कळत नाही. केळवणाला ती एकटी असते, समोर बसून उघडते, आणि नको असेल तर बदलायला हातात दिवस असतात. शिवाय जेवताना विचारता येतं. "तुला काय देऊ?" असं विचारलंत तर "काही नको गं ताई" एवढंच उत्तर येईल. "तिकडे घरी इंडक्शन आहे का? सासूबाई बरोबर राहणार की तुम्ही दोघंच?" असं विचारा, निम्मं काम तिथेच होतं.

दोघंच राहणार असतील, दोघं नोकरीला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, तर मी बिडाचा तवा सुचवेन. पण कोरा नाही, वापरता करून. नवा बिडाचा तवा घरी आणला की त्यावर काहीही टाकलं तरी चिकटतं, मुलगी दोनदा प्रयत्न करते आणि तो माळ्यावर जातो. तुम्ही तो आधी स्वच्छ घासा, दोन-तीन दिवस त्यात भाताची पेज भरून ठेवा, रोज बदला. मग धुऊन लगेच गॅसवर कोरडा करा, तेल लावा, अर्धा कांदा काट्याला टोचून त्या तेलावर फिरवत राहा. कांदा काळपट होतो, तव्याचा राखाडी रंग जाऊन तो काळा आणि गुळगुळीत दिसायला लागतो. असं तीन-चार वेळा केलंत की एक धिरडं घालून बघा. कडा आपोआप सुटल्या की तवा तयार. तो तेलाचा हात पुसून, जाड कापडात गुंडाळून द्या, आणि बरोबर एक चिठ्ठी: साबणात भिजत ठेवू नको, ओला ठेवू नको, हातातून पडू देऊ नको, बीड तडकतं. हा तवा इंडक्शनवरही चालतो. किंमत तुमच्या बजेटच्या बरीच खाली बसेल. तुमचे जे आठ दिवस त्यात गेले, ते दुकानात विकत मिळत नाहीत.

अर्थात पाठदुखी असलेल्या किंवा भांडी बाईंकडे देणाऱ्या घरात हा तवा देऊ नका. तिथे जाड बुडाचं स्टीलचं पातेलं किंवा कुकर बरा. कुकर घेताना आयएसआयची खूण बघा, घरगुती प्रेशर कुकरला ती 1 फेब्रुवारी 2021 पासून बंधनकारक आहे. आणि स्टीलबद्दल एक गैरसमज काढून टाका. पुष्कळ लोक खिशात लोहचुंबक घेऊन येतात, चिकटलं नाही की "चांगलं स्टील" म्हणून खूश होतात. चांगलं 304 नंबरचं स्टील चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण हलकं 202 नंबरचंही चिकटत नाही. त्यामुळे त्या परीक्षेतून काही कळत नाही. नंबरचा ठसा बघा, हातात घेऊन वजन बघा. चुंबक लावायचाच तर बुडाला लावा: तिथे चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर तापेल.

भांड्यावर नाव घालायचं की नाही, हा आमच्याकडचा रोजचा प्रश्न. पूर्वी छिन्नीने ठिपके पाडून नाव घालत, आता विजेवर थरथरणारी पेन्सिल असते. आमच्याकडे नाव घालणारे काका डबा मांडीवर आडवा धरतात, आधी स्केचपेनने अक्षरं मांडून बघतात, मग मशीन लावतात, आणि सगळी अक्षरं झाली की शेवटी एका दमात वरची रेघ ओढतात. लोक त्यावर काय लिहून घेतात? "सौ. व श्री. अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट." म्हणजे देणाऱ्याचंच नाव, तेही दर्शनी बाजूला. पोरगी मग ते भांडं पाहुण्यांसमोर काढत नाही. नाव घालायचंच तर तिचं घाला, बारीक, काठाखाली, आणि बरोबर तारीख. लग्नानंतर तिचं नाव-आडनाव काय राहणार हे तिलाच विचारून घ्या. हल्ली यावरून काकांना नाव खोडून द्या म्हणणारी मंडळी येतात, आणि स्टीलवरचं नाव खोडता येत नाही. आतल्या बाजूला किंवा बुडाला मात्र नको. आत मळ साठतो आणि बुडाचं नाव घासून जातं.

इथे त्या वहीबद्दलही बोलायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात ते नाही पण मनात नक्की असणार. आहेराची वही बहुतेक घरांत असते. कोणी किती दिलं ते लिहिलेलं, आणि त्यांच्याकडच्या कार्याला तेवढ्याच तोलाचं परत करायचं. यात वाईट काही नाही, गावाकडे लग्नाचा खर्च असाच वाटून उचलला जात आलाय. पण म्हणून ऐपतीपेक्षा भारी वस्तू देऊन समोरच्याला अडचणीत टाकू नका. तुमच्या 3000 च्या वस्तूचा हिशेब मामींना तुमच्याकडच्या पुढच्या बारशाला चुकवावा लागतो. आणि पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलेलं असेल तर खरंच नेऊ नका. दहा जण तरी नेतात आणि यजमानांची पंचाईत करतात.

पाकीट देणं म्हणजे टाळणं, असंही समजू नका. शिकणारी मुलं, नुकतं घर मांडलेलं जोडपं, दूरच्या गावी राहणारे यांना 501 चं पाकीट कुठल्याही लेमन सेटपेक्षा कामाचं. त्यावर दोन ओळी हाताने लिहा, एवढंच. मोठ्या रकमेचं कोणी विचारलं तर सांगून ठेवतो: लग्नात मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, जवळच्या नातेवाइकांनी दिलेल्यावरही नाही. इतरांकडून वर्षभरात 50,000 रुपयांच्या वर मिळालं तर मात्र ते उत्पन्नात धरतात. तुमच्या बजेटला याची गरज नाही, पण वडीलधारे हमखास विचारतात.

वास्तुशांतीला एक गोष्ट हात जोडून सांगतो: देवाची मूर्ती देऊ नका. शोपीस नकोसा झाला तर माणूस कोणाला तरी देऊन टाकतो. गणपती टाकता येत नाही, देव्हाऱ्यात जादा मूर्ती बऱ्याच घरी ठेवत नाहीत, मग ते बाप्पा वर्षानुवर्षं कपाटावर धूळ खातात आणि घरातल्या बाईच्या मनाला टोचणी लागून राहते. मित्र आहे, त्यामुळे इथे तुम्हाला मोकळीक आहे. चार-पाच जणांनी वर्गणी काढा आणि घडीची ॲल्युमिनियमची शिडी द्या. नव्या घरात पडदे, पंखे, माळे, जळमटं, सगळ्याला शिडी लागते, आणि ती विकत आणायची आठवण दिवा बदलायच्या वेळीच होते. एकट्याने द्यायचं असेल तर हातोडी, पक्कड, टेस्टर, पेचकस अशी एक पेटी. भेट म्हणून दिसायला रुक्ष वाटेल, पण पूजा आटोपताच यजमान त्यातलंच काहीतरी शोधत असतो. आणखी एक, यात पैसे जवळजवळ लागत नाहीत: वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशीचा डबा. आदल्या दिवशी शंभर माणसं जेवून गेलेली असतात, घरातली बाई दमून बसलेली असते, गॅसची शेगडी धड लागलेली नसते. पिठलं, भाकरी, ठेचा आणि ताक घेऊन जा. साताऱ्याहून कोणी जाणार असेल तर कंदी पेढे आहेतच, पण त्या घरी तोवर आठ डबे पेढे झालेले असतात, तेव्हा भाकरीच बरी.

डोहाळजेवणाचं थोडक्यात. आधी सासूबाईंना विचारा की जन्माआधी बाळाच्या वस्तू घरात आणलेल्या त्यांना चालतात का. पुष्कळ घरांत चालत नाहीत, आणि अशा ठिकाणी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जावेसाठी द्या: समोरून उघडणारे मऊ सुती गाऊन, शेकायची पिशवी, झोपून पाणी पिता येईल असा पेला. बाळाचं बारशाला द्या, आणि कपडे देणार असाल तर सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे द्या. सगळे जण अगदी बारकी झबली आणतात, ती महिन्याभरात आखूड होतात. सगळ्यात उत्तम म्हणजे घरातल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी. आजीची एखादी धुऊन धुऊन मऊ झालेली साडी मागून घ्या, चौकोनी कापून कडा शिवून घ्या. नव्या कापडाला ते मऊपण येतच नाही.

जिथे रीत ठरलेली आहे तिथे कल्पकता दाखवायला जाऊ नका, हेही इथेच सांगतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे किंवा बत्तासे द्यायचे तर ते 33 च, आणि बरोबर दिवा. त्या महिन्यात आमच्याकडे तांब्याच्या आणि पितळेच्या दिव्यांना रांग लागते. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. तिथे कोणी "जरा वेगळं" म्हणून सुगंधी मेणबत्त्यांचा सेट नेला तर सासूबाई तो घेतात, पण दिवा विकत घ्यायला शेवटी आमच्याकडेच येतात.

आजेसासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन. साडेएकोणतीस दिवसांना एक पौर्णिमा धरली तर हजार पौर्णिमा बघायला जवळपास 80 वर्षं 10 महिने लागतात. प्रत्यक्षात बहुतेक घरं ऐंशी पुरी झाली की मुलांच्या सुट्ट्या बघून कार्यक्रम ठरवतात. या वयाच्या माणसाला वस्तू नको असतात, आणि आपण त्यांना शाली, श्रीफळं आणि जड तांब्याचे हंडे देतो. दुकानदार असून सांगतो, हंडा नको. द्यायचंच तर रात्री उशाशी ठेवायला झाकणाचा छोटा तांब्या आणि फुलपात्र, मठारलेलं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे हे मठारकाम अजून होतं. हातोडीने ठोकून ठोकून तांबं कडक होतं, त्याला पटकन पोचा पडत नाही, आणि त्या ठोक्यांमुळे म्हाताऱ्या बोटांतून भांडं गुळगुळीत पेल्याइतकं सटकत नाही. दोन अटी. घरात ते चिंचेने किंवा पितांबरीने घासणारं कोणीतरी हवं, नाहीतर काळं पडून कोपऱ्यात जाईल. आणि त्यात फक्त पाणी. ताक, सरबत, आंबट काहीही आतून कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवायचं नाही.

पण तुम्ही मनापासून म्हटलंत म्हणून सांगतो, या एका प्रसंगाला मी दुकानातलं काहीच सुचवणार नाही. घरातले जुने फोटो गोळा करा, आत्याकडचे, गावाकडचे, लग्नाच्या अल्बममधून सुटलेले. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी दोन दुपारी आजोबांजवळ बसा, एकेक फोटो दाखवा आणि यात कोण कोण आहे, कुठे काढला, ते लिहून घ्या. त्यांच्याखेरीज ती नावं आता कोणालाच सांगता येणार नाहीत. मग मोठ्या आकारात छापून, खाली जाड ठळक अक्षरात नावं घालून अल्बम करा. 3000 मध्ये आरामात होतो. एक प्रत आजोबांना, आणि जमलं तर फोटो सगळ्या नातवंडांना फोनवर. एक सावधगिरी: एखाद्या फोटोपाशी ते गप्प झाले तर तो फोटो अल्बममध्ये घ्यायचा का हे त्यांनाच ठरवू द्या.

राहिली जर्मनीची मैत्रीण. इथे भावनेपेक्षा नियम आणि किलो महत्त्वाचे. विमानाच्या बॅगेत बहुधा 23 किलोची मर्यादा असते, तेव्हा तुमची भेट अर्ध्या किलोच्या आत बसवा. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे घरचं तूप, पेढे, श्रीखंडाच्या वड्या बाद. ताजी फळं-भाज्याही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांना सूट आहे. हापूस त्यात नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही देऊ नका, त्यात तेल असतं, पेट घेणाऱ्या मालात धरून विमानतळावर काढून ठेवतात. मग काय द्यायचं? मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, आमसुलं. प्रत्येकी छोटी पुडी, दुहेरी पिशवीत, आणि बाहेर इंग्रजीत नाव लिहिलेलं, कारण तपासणाऱ्याला भाजणी म्हणजे काय ते कळणार नाही.

भांडं द्यायचंच असेल तर मिसळणाचा डबा द्या, हलका, आतल्या वाट्यांवर झाकण बसणारा. तिथे तसा मिळणं अवघड. मिक्सरबद्दल ती तुम्हाला विचारेल, तेव्हा सांगा: जर्मनीत आपल्यासारखीच 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची वीज आहे, फक्त पिन वेगळी, त्यामुळे इथला मिक्सर जोडपिनेवर (ॲडॉप्टरवर) तिथे चालतो. अमेरिकेला जाणाऱ्यांना हेच सांगू नका, तिकडे 120 व्होल्ट आहे. आणि गोल बुडाची कढई तिला कोणी देऊ करत असेल तर अडवा. तिकडे पुष्कळ घरांत सपाट काचेची शेगडी असते, त्यावर गोल कढई नुसती डुगडुगते. कुकर नेणार असेल तर सपाट, इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा, आणि जादा दोन रबरी रिंगा व एक सेफ्टी व्हॉल्व्ह बरोबर. तिकडे कुकर बंद पडतो तो बहुतेक रिंगेपायी. त्या रिंगा तुमच्याकडून द्या, मॉडेलचं नाव आणि लिटर विचारून, कारण तीन लिटरची रिंग पाच लिटरला बसत नाही.

केळवणाची तारीख ठरली की मला तव्याचं विचारा. पेज लावायला निदान आठवडाभर आधी तो घरात यायला हवा.